साठ लिटरचा समुद्र

घरात समुद्र पाळायचा म्हटलं की लोक आधी छोटी टँक बघतात. दोन फुटी काच, परवडणारी, कोपऱ्यात मावणारी. लहान म्हणजे सोपी, असा त्यामागचा हिशोब असतो. खाऱ्या पाण्यात तो नेमका उलटा पडतो. हजार लिटरच्या टाकीत एखादी गोगलगाय दगडामागे मेली तर पत्ताही लागत नाही. साठ लिटरमध्ये तिचा अमोनिया दुसऱ्या दिवशी टेस्ट किटच्या नळीत हिरवा होऊन दिसतो. उन्हाळ्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. दोन दिवस वरून आरओचं गोडं पाणी घातलं नाही, तर लिटरमागे 35 ग्रॅम असलेली क्षारता 37 च्या घरात पोचते. माणसाला हा फरक चवीलाही कळणार नाही, पण प्रवाळ तेवढ्यावर मिटून बसतं.

आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये अशी एक टँक आहे. तिच्यात फक्त मऊ प्रवाळं आहेत: झोअँथस, मशरूम, एक लेदर कोरल. दगडी प्रवाळ नाही, आणि ते मी मुद्दाम सांगते. रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं, समुद्रपंखे आणि काळं प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. कायद्याने वाघाला जे संरक्षण दिलं तेच त्यांनाही. तरी कुणी तरी ‘आतला माल’ म्हणून दाखवतोच. तो घेऊ नये. समुद्रातून उपटून आणलेला जीव घरी जगवणं ही हौस नव्हे.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ मुंबई-ठाण्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. सगळीकडे चर्चा रुग्णालयांच्या जनरेटरची होती, आणि ती योग्यच होती. आमच्याकडे त्याच क्षणी वेव्हमेकर, टँकमधलं पाणी हलवणारा पंप, थांबला होता.

वीज गेली की रीफ टँकमध्ये काय होतं ते सांगते. पाणी हलायचं थांबतं आणि हवेतला ऑक्सिजन आत उतरायचा थांबतो. मुळात समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन कमीच विरघळतो. 30 अंशांना तो लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं दिवा चालू असताना ऑक्सिजन बनवतात. दिवा गेला की तीसुद्धा श्वास घ्यायला लागतात. मासे, खेकडे, गोगलगायी, दगडाच्या छिद्रांतले जिवाणू असे सगळेच मग त्याच तुटपुंज्या साठ्यावर येतात. त्यात ऑक्टोबरचा उष्मा. टँकवर एरवी छोटा पंखा असतो. बाष्पीभवनाने तो पाणी दोन-तीन अंश थंड ठेवतो. तोही बंद. थर्मामीटर 31 वर.

उपाय एकच होता. तांब्याने पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं. पडताना धार फुटते, बुडबुडे खाली जातात, तेवढीच हवा मिळते. मुलगी ऑनलाइन वर्ग बुडाल्याच्या आनंदात होती, पण थोड्या वेळाने स्वतःच येऊन म्हणाली, “आई, दे इकडे, तुझा हात दुखला असेल.” आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो. लेदर कोरलने आपले सगळे तंतू आत ओढून घेतले होते. क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाशी तोंड लावून होती. दोघांतली मोठी मादी जास्त धापत होती, कारण मोठ्या देहाला ऑक्सिजन जास्त लागतो. वीज यायला दुपार उलटून गेली. मादी त्याआधीच गेली.

खरी पडझड मात्र वीज आल्यानंतरची असते. आधी गोगलगायी मेल्या. मग लेदर कोरलची कातडी राखाडी पडून गळायला लागली आणि हॉलमध्ये नासलेल्या कोळंबीसारखा वास सुटला. एवढ्याशा पाण्यात एवढं मांस सडलं की अमोनिया चढणारच. तो उतरवायला पाणी बदलणं भागच होतं, आणि बदललंही. मिसळलेलं नवं मिठाचं पाणी, तापमान जुळवून, थोडं थोडं.

या काळात जो टिकवून धरतो तो दगड. लाइव्ह रॉक नुसता शोभेचा नसतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, त्याचं पुढे नायट्रेट होतं, आणि दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये याच भरवशावर लिहिलं होतं: समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स. त्या काळी पाश्चात्त्य शौकीन प्रवाळांचे सांगाडे ब्लीचने धुऊन पांढरेशुभ्र मांडत होते. ली यांची पद्धत तेव्हा फारशी कुणी उचलली नाही. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी जिवंत दगडाला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली आणि घरात प्रवाळ वाढायला लागलं. अमोनिया शून्यावर आला त्या दिवशी मला ली यांची आठवण झाली.

पण मग तपकिरी शेवाळ आलं. म्हणजे दिसायला शेवाळ, प्रत्यक्षात डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव. दगडांवर शेंबडासारखे तंतू, टोकाला बुडबुडे. दुपारी दाट, पहाटे विरळ. मुलीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर थेंबाच्याच आकाराचे कण आपल्या टोकाभोवती गरगरत होते. हा ऑस्ट्रिऑप्सिस. विषारी असतो, तो खाऊन उरलेल्या गोगलगायीही गेल्या.

घाण दिसली की पाणी बदला, असं दुकानदारापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे सांगतात. डायनोला तेच हवं असतं. मासे कमी, खाणं कमी, पाणी वरचेवर नवं, म्हणून आमच्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले होते. इतर शैवालं आणि जिवाणू उपाशी राहिले की रिकाम्या जागेवर हा बसतो. त्यामुळे उपचार ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. पाणी बदलणं थांबवायचं, खाणं वाढवायचं, नायट्रेट पाचच्या आसपास येऊ द्यायचं, फॉस्फेट मोजता येईल इतपत ठेवायचं आणि हात बाहेर ठेवायचे. घाणेरडी टँक रोज बघत काहीही न करणं ही या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. बाटलीतली औषधं विकली जातात ती याच अस्वस्थतेवर.

आणखी एक सांगायलाच हवं. झोअँथस चिकटलेला दगड कधीही गरम पाण्यात टाकू नका, ब्रशने घासू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. त्याच्या वाफेने घरंच्या घरं रुग्णालयात गेली आहेत. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

आमच्या तांब्याच्या धारेनंतर थोड्याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर वेगळीच हलवाहलव झाली. सागरी किनारा रस्त्याच्या वाटेत आलेल्या वरळी आणि हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खडकासकट उचलून दुसरीकडे लावल्या. मुंबईच्या त्या गढूळ, तेलकट पाण्यात दगडी प्रवाळ आहे हेच अनेकांना तेव्हा प्रथम कळलं. मालवणला स्नॉर्केल लावून ते बघितलेल्यांनाही. मला त्या बातमीने धीर दिला.

टँक सावरतेय हे आधी काचेवर कळलं. रात्री टॉर्च मारला तर कोपेपॉड, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव, उड्या मारत पळाले. मग तपकिरी थराखालून दगडाचा जांभळा रंग वर आला. हे कोरलाइन शैवाल चुन्याचं कवच करतं आणि कॅल्शियम, क्षार स्थिर असल्याशिवाय पसरत नाही. झोअँथस शेवटी उघडले. आधी एका कडेचे, तोंडं अर्धवट मिटलेली, झालरीचे तंतू आखूड. आठवडाभरात हिरव्या चकत्यांभोवती नारंगी झालर पूर्ण पसरली. लेदर कोरल गेलं होतं, पण दगडाला चिकटून राहिलेल्या त्याच्या बुडाच्या तुकड्यातून नखाएवढं नवं टोपी-देठ उभं राहिलं.

आणि मासा. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी ती मादी आणि लहान तो नर. मादी गेली तर नरच हळूहळू मादी होतो. आमचा उरलेला नर त्या वर्षभरात वाढला, अंगाने भरला, दगडाच्या कोपऱ्यावर हक्क सांगायला लागला. त्यानंतर हॅचरीत वाढलेलं एक लहान पिल्लू आणलं. आता क्लाउनफिशची पैदास ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायला कुणालाच निमित्त उरलेलं नाही. पिल्लाने चार दिवस शेपटीवरचे चावे सोसले आणि मग दोघं एकत्र झोपायला लागले.

गेल्या महिन्यात त्यांनी अंडी घातली, नव्या लेदर कोरलच्या बुडाशी, नारंगी, दाटीने. नर शेपटीने वारा घालत होता. आठवडाभराने अंड्यांत रुपेरी डोळे दिसले आणि अंधार पडल्यावर ती फुटली. पिल्लांना पहिल्या दिवसापासून खायला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव लागतात, ते घरात नव्हते. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बाटल्या आहेत, एकीत हिरवं शैवाल, दुसरीत रोटिफर. मुलगी रोज सकाळी ढवळते. टँकच्या मागे बॅटरीवरचा एअर पंप टांगलाय, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. पुढची अंडी याच आठवड्यात येतील असं दिसतंय.