अमेरिकेचा दाखला अर्धाच कां देतां?

जालन्याच्या मोंढ्यांत कापसाचा भाव विचारीत बसलेल्या शेतकऱ्याच्या कानावर हल्लीं एक नवें ज्ञान पडूं लागलें आहे. चार बुकें शिकलेला एखादा पाहुणा चहाचा घोट घेतां घेतां सांगतो, "आरक्षण आरक्षण काय करतां? अमेरिकेनें तें केव्हांच मोडीत काढलें. म्हणून तर तो देश पुढें गेला!" ऐकणारा बिचारा गप्प बसतो. त्यानें अमेरिका पाहिलेली नसते. आणि सांगणाऱ्यानें अमेरिकेचा इतिहास वाचलेला नसतो. म्हणून या दाखल्याची पुरी झडती घेण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

प्रथम खरी हकिकत. २९ जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांच्या खटल्यांत, प्रवेश देतांना वंशाचा विचार करूं नये, असा निकाल दिला. एवढें खरें. परंतु आपण ज्यांना राखीव जागा म्हणतों, त्या या विद्यापीठांत नव्हत्याच. ठराविक जागा राखून ठेवण्यास त्याच न्यायालयानें १९७८ सालीं मनाई केली होती. आपल्या राज्यघटनेंत मागासलेल्या वर्गांसाठीं स्पष्ट कलमें आहेत, तशीं त्यांच्या घटनेंत नाहींत. आणखी एक गोष्ट हा पाहुणा सांगत नाहीं. अमेरिका १७९० पासून दर दहा वर्षांनीं आपल्या लोकांची वंशवार मोजणी करीत आली आहे. आमच्याकडे सर्व जातींची शिरगणती १९३१ नंतर जवळजवळ शंभर वर्षें झाली नाहीं. जनगणनेंत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारनें जाहीर केला तो ३० एप्रिल २०२५ रोजीं. मग अमेरिकेचें अनुकरण करावयाचें तर मोजणीचें कां नको?

अमेरिकेकडे पाहण्याची चाल आमच्यांत नवी नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांची गुलामगिरी मोडण्यासाठीं स्वतः झीज सोसली, त्यांना अर्पण केलें. आपल्या देशबांधवांनींही शूद्र बंधूंच्या बाबतींत तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. पाहुण्याचा दाखला लोकांस गप्प बसविण्यासाठीं असतो. जोतीरावांचा दाखला लोकांस उभें करण्यासाठीं होता. पण जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेनंतर अमेरिकेंत जें घडलें, तेंच आज आमच्या जालना जिल्ह्यानें नीट समजून घेण्यासारखें आहे.

१८६१ ते १८६५ अशीं चार वर्षें तेथें घरचें युद्ध झालें. त्या युद्धामुळें तिकडचा कापूस अडला आणि आमच्या खानदेश-वऱ्हाडांतल्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला, सावकाराचें कर्ज मात्र राहिलें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या आगीचें एक लांकूड अमेरिकेंतून आलेलें होतें. तेव्हां तो देश आम्हांस वाटतो तितका परका नाहीं.

युद्धानंतर गुलाम कायद्यानें सुटले. १८७० पर्यंत घटनेंत तीन दुरुस्त्या होऊन त्यांना स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच सालीं एक काळा गृहस्थ, हायरम रेव्हल्स, सेनेटमध्यें जाऊन बसला. पण जमीन? युद्धाच्या अखेरीस कांहीं ठिकाणीं कुटुंबामागें चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला होता. त्याच वर्षीं अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनीं तो फिरवून बहुतेक जमीन जुन्या मालकांस परत केली. मोकळा झालेला माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतांत बटईनें राबूं लागला. बियाणें मालकाचें, किराणा उधारीचा, आणि हंगाम संपल्यावर हिशेबांत देणें त्याच्याच अंगावर. हें वर्णन समजण्यास आमच्या वाचकांस कोशाची गरज नाहीं.

पुढें १८७७ सालीं दिल्लीसारखे जे तिकडचे वरचे सत्ताधारी, त्यांनीं अध्यक्षपदाचा वाद आपसांत मिटविला आणि दक्षिणेंतल्या काळ्या लोकांचें रक्षण करणारें सैन्य काढून घेतलें. मग कायदे झाले ते मोठ्या चलाखीचे. "काळ्यांस मत नाहीं" असें कोणी लिहिलें नाहीं. मतासाठीं कर भरा, वाचून दाखवा, अर्थ सांगा, असें लिहिलें. ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ पूर्वीं मत होतें त्यास लुइझियानांत परीक्षा माफ! गुलामाच्या आजोबाला मत कोठून असणार? त्या राज्यांत १८९६ सालीं १,३०,००० वर काळे मतदार यादींत होते. १९०४ सालीं सुमारें १,३०० उरले. मिळालेला हक्क राखण्यास माणसें जागीं नसलीं, कीं तो कसा गळून जातो, याचा हा हिशेब आहे. तो परत मिळविणारा मताधिकाराचा कायदा १९६५ सालीं झाला. त्याचाही एक मुख्य आधार न्यायालयानें २०१३ सालीं काढून घेतला.

आतां खरी मुद्द्याची गोष्ट. या लबाडीच्या आधीं एक वेळ अशी आली होती, कीं हा डाव उधळला गेला असता. कापसाचे भाव पडले होते, रेल्वेचें भाडें आणि व्याज यांनीं गोरा कुळवाडी आणि काळा बटईदार दोघेही नागवले होते. त्यांचे वेगवेगळे संघ झाले आणि १८९२ च्या सुमारास ते एकमेकांजवळ येऊं लागले. जॉर्जियांतील टॉम वॉटसन या पुढाऱ्यानें गोऱ्या-काळ्या शेतकऱ्यांस उघड सांगितलें, कीं तुम्हांस वेगळें ठेवलें आहे तें वेगवेगळें लुबाडतां यावें म्हणून. जमीनदार आणि पेढीवाले घाबरले. त्यांनीं गोऱ्या शेतकऱ्याच्या कानांत एकच मंत्र फुंकला : तुझा वैरी सावकार नव्हे, शेजारचा काळा आहे. मंत्र लागू पडला. तो वॉटसनही पुढें फिरला, काळ्यांचें मत काढून घ्या म्हणूं लागला, आणि १९२० सालीं सेनेटर म्हणून निवडून आला. पुढाऱ्याचें भलें झालें. शेतकऱ्याचें काय झालें? काळ्याचें मत गेलें. आणि मताचा कर भरतां येईना म्हणून हजारों गरीब गोऱ्यांचेंही गेलें. कापूस मात्र दोघांचाही स्वस्तच राहिला.

आतां आपल्या अंबड तालुक्याकडे पाहा. अंतरवाली सराटींत मराठा बांधव श्री. मनोज जरांगे पाटील यांच्याबरोबर आरक्षणासाठीं बसले होते. १ सप्टेंबर २०२३ रोजीं तेथें लाठीमार झाला. जून २०२४ मध्यें त्याच तालुक्यांत वडीगोद्रीस श्री. लक्ष्मण हाके इतर मागासवर्गीयांच्या वांट्यासाठीं उपोषणास बसले. एका मंडपांत कापूस पिकविणारा, दुसऱ्या मंडपांतही कापूस पिकविणारा. एकाच्या पोराला नोकरी नाहीं, दुसऱ्याच्याही पोराला नाहीं. दोघांच्या मागण्यांत तथ्य आहे आणि दोघांचीं भीतीही खोटी नाहीं. निजामाच्या दफ्तरांत आजोबाच्या नांवापुढें 'कुणबी' लिहिलेलें ज्यास सांपडलें त्यास हक्क, न सांपडलें त्यास नाहीं, हें मराठ्यास जाचतें. आधींच अपुऱ्या ताटावर आणखी पानें मांडलीं तर आपल्या वांट्याला काय उरणार, हें माळी, धनगर, वंजारी, तेली, सुतार, कुंभार यांस जाचतें.

मराठा म्हणजे तेथले गोरे आणि इतर मागासवर्गीय म्हणजे तेथले काळे, असा हिशेब कोणी मांडूं नये. जुन्या पोथीनें या दोघांनाही शूद्रच म्हटलें होतें. त्या गुलामांच्या दुःखाशीं जवळचें दुःख आमच्या दलित बंधूंचें. आणि १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यानें त्यांचीं घरें जाळलीं, हा कलंक विसरून आम्हीं अमेरिकेस शहाणपण शिकवूं नये. साम्य आहे तें डावांत आहे.

तो डाव पाहा. ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्र सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयात कर माफ केला आणि २८ ऑगस्टला ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या आझाद मैदानांत उपोषण सुरू झालें. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा शासननिर्णय निघाला आणि गांवोगांवीं एकानें गुलाल उधळला, दुसऱ्यानें निषेध केला. कापसाचा कर गेला, त्यासाठीं मात्र दोघांचा मिळून एक मंडप पडला नाहीं. परदेशी गठाणीनें गोदामांत शिरतांना कोणाची जात विचारली नाहीं.

आमचें सांगणें एवढेंच. वांट्याचा वाद आहे तो मोजणीच्या आंकड्यांवर आणि कायद्यानें लढवा. पण एकमेकांच्या दुकानावर, चुलीवर, मुलांच्या शाळेवर त्याची झळ येऊं देऊं नका. बहिष्काराची भाषा बोलणारा पुढारी कोणत्याही जातीचा असो, त्यास पारावरून उठवा. जातीची मोजणी होईल तेव्हां खरें तें लिहवा. आणि मत मागण्यास येणाऱ्यास दोन्ही आळींनीं मिळून विचारा : किती जागा भरणार, कायमच्या कीं कंत्राटी? कापसास हमीभाव देणारें खरेदी-केंद्र केव्हां उघडणार? उत्तर न देतां जो शेजाऱ्याकडे बोट दाखवील, तो आमचा टॉम वॉटसन समजावा.

मोंढ्यांतल्या त्या पाहुण्यास चहा जरूर पाजावा. त्यानें अमेरिकेचा अर्धा दाखला सांगितला, कीं उरलेला अर्धा आपण सांगावा.