आधी घरी वाचून या

वर्षभर एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे, ती आधी सांगून टाकतो. पुस्तक प्रकाशनाचा समारंभ असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रकाशकांचं प्रास्ताविक सगळं उरकलेलं असतं. मग निवेदिका जाहीर करते की आता निवडक उताऱ्याचं अभिवाचन होईल. मालिकांमधून घरोघरी पोचलेला एखादा चेहरा उठतो, पुस्तक उघडतो आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळतो. पुस्तक त्याच्या हाती पडलेलं असतं गाडीतून उतरल्यावर. क्रियापद यायच्या आत श्वास संपतो. लेखकाने जिथे विनोद दडवलाय तिथे हा गंभीर, आणि लेखक जिथे दुःख सहज सांगून पुढे गेलाय तिथे ह्याचा गळा दाटून येतो. मागे कुणीतरी बासरीची ध्वनिफीत लावून दिलेली असते. टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतला लेखकही टाळ्या वाजवतो. बिचारा करणार काय?

असे समारंभ यंदा नको तितके वाट्याला आले, आणि तेही अशा वर्षी, की ज्यात मराठीचा जयजयकार कानीकपाळी सतत चालू होता. फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झालं. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, लोक चिडले, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. जयंत नारळीकर गेले. शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली. त्यावर अंकात स्वतंत्र लेख आहे, तो कृपा करून वगळू नका. हिंदीच्या प्रकरणात आम्हीही पत्रकांवर सह्या केल्या, सभांना गेलो. अशाच एका सभेत मराठीच्या बाजूचा ठराव व्यासपीठावरून वाचला गेला, तो कशाच्या बाजूने आहे हे दोनदा ऐकूनही कळेना. तिथे कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र ते वर्षभर पुरलं.

अशा संध्याकाळी घरी आलो की मी झिया मोहिउद्दीन ऐकतो. पाकिस्तानी नट? आणि तेही यंदा? प्रश्न येणार हे ठाऊक आहे. पहलगाममध्ये डोंबिवलीची, पुण्याची माणसं मारली गेली, हे विसरून मी लिहायला बसलेलो नाही. तिकडच्या वाहिन्या इकडे बंद झाल्या, त्यावरही माझं इथे काही म्हणणं नाही. या माणसाची काम करायची पद्धत तेवढी मला हवी आहे. ज्यांना तेही चालणार नाही, त्यांनी सरळ अनुक्रमणिकेकडे वळावं. रागावणार नाही.

मोहिउद्दीन जन्मले २० जून १९३१ रोजी, लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला. घराणं मूळचं रोहतकचं. वडील खादिम मोहिउद्दीन गणिताचे जाणकार आणि नाटक-संगीताचे शौकीन. पाकिस्तानातल्या पहिल्या चित्रपटावर, १९४८च्या ‘तेरी याद’वर, लेखक म्हणून त्यांचं नाव आहे. मुलगा कसूर-लाहोरात वाढला आणि १९५३ साली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाला. १९६० मध्ये ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’वरून सांता रामा राव यांनी केलेलं नाटक वेस्ट एंडला आलं, त्यात डॉ. अझीझ मोहिउद्दीन होते. तीनशेच्या आसपास प्रयोग झाले. पुढे तेच नाटक घेऊन ते ब्रॉडवेला गेले, आणि १९६५ साली वारिस हुसेन यांनी बीबीसीसाठी केलं तेव्हाही अझीझ तेच.

चित्रपटांनी मात्र त्यांना फारशी जागा दिली नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त लॉरेन्सला वाळवंटातून नेणारा वाटाड्या तफस आठवतो? परक्या विहिरीचं पाणी पितो म्हणून ओमर शरीफची गोळी खाऊन पडतो, तो. सिनेमा साडेतीन तासांचा, आणि हे महाशय सुरुवातीलाच संपतात. ‘खार्टूम’मध्ये झोबेर पाशा झाले. तपकिरी कातडीच्या नटाला तेव्हा अरब, पाशा, वाटाडे असंच काही मिळे. १९८४ साली डेव्हिड लीन यांनीच ‘अ पॅसेज टू इंडिया’ पडद्यावर आणला तेव्हा अझीझ व्हिक्टर बॅनर्जींकडे गेला. त्याच वर्षी दूरचित्रवाणी मालिका ‘द ज्युएल इन द क्राउन’मध्ये मोहिउद्दीन मोहम्मद अली कासिम या काँग्रेसी मुसलमान पुढाऱ्याच्या भूमिकेत दिसले; पडद्यावरच्या त्यांच्या कामांत मला हे सर्वांत आवडतं. मुंबईशीही त्यांचा एक धागा आहे. १९७० च्या मर्चंट-आयव्हरींच्या ‘बॉम्बे टॉकी’त शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांच्याबरोबरचा हरी, तो पटकथालेखक, मोहिउद्दीनच. सिनेमा लोकांना आठवतो तो अवाढव्य टाइपरायटरवर नाचणाऱ्या हेलनमुळे.

मायदेशी घराघरांत ते पोचले पाकिस्तान टेलिव्हिजनवरच्या ‘झिया मोहिउद्दीन शो’मुळे. १९६९ला सुरू झालेला हा गप्पांचा कार्यक्रम ७३ पर्यंत चालला. मग पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीच्या कला अकादमीचे ते संचालक झाले. १९७७ साली जनरल झिया-उल-हक सत्तेवर आले. एका झियाने दुसऱ्या झियाला इंग्लंडला परत धाडलं असं म्हणायला हरकत नाही. नाहीद सिद्दीकी या मोहिउद्दीन यांच्या तेव्हाच्या पत्नी, नावाजलेल्या कथक नर्तिका. त्यांचा दूरचित्रवाणीवरचा नृत्याचा कार्यक्रमही त्याच राजवटीत बंद पडला. मोहिउद्दीन यांची पुढली बरीच वर्षं बर्मिंगहॅमच्या वाहिनीवर काम करण्यात गेली.

एवढं सगळं करूनही हा माणूस उरला तो वाचणारा म्हणून. डिसेंबर सरत आला की लाहोरला लोक तिकीट काढून त्यांचं वाचन ऐकायला येत. टेबल, कागद, चष्मा, एवढंच सामान. पत्रस बुखारी, इब्ने इंशा, मुश्ताक अहमद युसुफी, चौधरी मुहम्मद अली रुदौलवी यांचं गद्य. कवितेत फैज आणि न. म. राशिद, मोहरममध्ये मीर अनीसचे मर्सिये. कविता वाचणारे उर्दूत पुष्कळ. गद्य वाचून सभागृह भरवणारा विरळा.

युसुफी मूळचे राजस्थानातल्या टोंकचे, कराचीत बँकेत अधिकारी. त्यांचं वाक्य लांबलचक, मधेच एखादं आडवळण घेतं आणि त्यातली मेख शेवटच्या क्रियापदाशी असते. वाचणारा आधीच हसला की वाक्य मेलं. मोहिउद्दीन हसत नाहीत. क्रियापद येतं, सभागृह फुटतं, ते थांबतात, वर बघत नाहीत. हशा ओसरत आला की पुढचं वाक्य त्याच पट्टीत सुरू. पत्रस यांचा लाहोरच्या भूगोलावरचा लेख शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या थाटात लिहिलेला आहे. तो ते भूगोलाच्या मास्तरासारखा वाचतात, इतक्या निर्विकारपणे की एखाद्याला खरंच नकाशा काढायचा मोह व्हावा. एका पात्राला बायकी आवाज, दुसऱ्याला घोगरा, असले चाळे नाहीत. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला वाक्य घरी बसून कितीदा वाचलं असेल ते ऐकणाऱ्याला कळतं. शेक्सपिअर बोलायला लंडनमध्ये जी मेहनत शिकवली, तीच त्यांनी उर्दू गद्यावर घेतली, असं मला वाटतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. उर्दूवाल्यांचा शीन-काफचा सोस त्यांच्यातही होता. उच्चारात जरा चूक झालेली त्यांना खपत नसे. तो सोस मला इकडे आणायचा नाही. आपल्याकडे न आणि ण वरून माणसाची जात-पात मोजायची खोड आहेच, तिला आणखी खतपाणी नको. बहिणाबाई खानदेशी वळणानेच वाचाव्यात, वऱ्हाडी माणसाने वऱ्हाडी ठेवणीत वाचावं. माझी तक्रार उच्चारांची नाही. वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला वाचताना पहिल्यांदाच समजतो आहे, ही आहे. मोहिउद्दीन यांच्याबाबत आणखी एक गोष्ट खटकते. २००५ साली कराचीत हिंदू जिमखान्याच्या जुन्या वास्तूत राष्ट्रीय नाट्य-संगीत अकादमी सुरू झाली, तिचे ते प्रमुख झाले. ती वास्तू तिथल्या हिंदूंनी परत मागितली होती, प्रकरण कोर्टात गेलं. अकादमीचं कौतुक करताना ही बोच राहते. तरी तलत हुसेन, राहत काझमी यांच्यासारखे नट तिथे शिकवायला आले, आणि तरुण मुलांना बोलायचं कसं हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, हेही खरं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडेही परंपरा आहेच की. आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत फिरले. पु. ल. एकट्याच्या बळावर ‘बटाट्याची चाळ’ उभी करत, आणि पुढे सुनीताबाई आणि ते मर्ढेकर-बोरकरांच्या कविता वाचत, त्यामागे तालमी असत. पण नीट पाहा: गद्याच्या बाबतीत लेखक स्वतःचंच सांगत होता. तो गेला की त्याचं गद्य मुकं झालं. दुसऱ्याचं गद्य आयुष्यभर वाचणं हे कोणा नटाने आपलं काम मानलं, असं आपल्याकडे फार घडलं नाही. जी. ए. कुलकर्णींनी तर व्यासपीठच टाळलं. त्यांची वाक्यं कोणाच्या तोंडून ऐकायची? लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य तर बोलण्यासाठीच घडलेलं. आणि ‘लीळाचरित्र’! मराठीच्या प्राचीनपणाची चर्चा निघाली की ते हटकून पुढे केलं जातं. त्यातलं एक पान कोणी मोठ्याने वाचलेलं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

नटांना दोष देऊन मी थांबणार नाही. त्यांना पुस्तक आयत्या वेळी हाती देणारे आपणच. गायकाला तबलजी, ध्वनियोजना, मानधन हे सगळं मिळतं, वाचणाऱ्याला पुष्पगुच्छ. त्याने फुकट आठवडाभर तयारी का करावी? श्राव्य पुस्तकांमुळे हे बदलेल असं वाटलं होतं. तिथे आता यंत्राचा आवाज आलाय, आणि खरं सांगायचं तर तयारी न केलेल्या माणसापेक्षा तो काही वेळा बरा वाटतो. याचा मला खेद जास्त झाला, की राग, ते अजून ठरलेलं नाही.

अंकाचा विषय ‘आवाज’ आहे. तो आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवला होता; माझी ही चिडचिड त्यात आपोआप बसली असं नाही, बसवली आहे. विषयाखाली गोंधळी, कीर्तनकार, आकाशवाणीवरचे निवेदक, क्रिकेटचं मराठी समालोचन आणि बाजारातल्या विक्रेत्यांच्या आरोळ्या यांवर लेख आहेत. कथा नेहमीप्रमाणे आहेत, कविता यंदा कमी आहेत आणि त्याबद्दल कवींची पत्रं येतील याची कल्पना आहे. कागद महागला, जाहिराती घटल्या, किंमत वाढली. तुम्ही कुरकुर करून अंक घ्याल, दरवर्षी घेताच.

एक बदल मात्र कळवायचा आहे. अंकाच्या प्रकाशनाचा समारंभ यंदा रद्द केला आहे. त्याऐवजी डिसेंबरात याच अंकातल्या तीन कथा तीन जण वाचतील. संहिता त्यांच्याकडे महिनाभर आधी जाईल, दोन तालमी आमच्या कचेरीत होतील, लेखक हजर राहतील आणि वाचणाऱ्यांना लेखकांइतकंच मानधन मिळेल. भाषणं नाहीत. वाचायची इच्छा असलेल्यांनी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कळवावं. नट असण्याची अट नाही. आवाजाची चाचणी घेणार नाही. एक पान घरी पाठवू, ते नीट वाचून या.