खर्जाचा कान

गाणे ऐकताना आपले लक्ष गायकाकडे असते. फार तर बासरीचा किंवा सतारीचा एखादा तुकडा कानात भरतो. डग्ग्याकडे मुद्दाम कुणी कान देत नाही. पण तबलजीने डावा हात उचलून घेतला, की तेच गाणे कोरडे वाटू लागते. पाश्चात्त्य वाद्यमेळात हे डग्ग्याचे काम बेस गिटार करते. चार जाड तारा आणि घुमणारा खर्जातला स्वर. वाजत असते तोवर जाणवत नाही, थांबली की चुकल्या-चुकल्यासारखे होते. साहजिकच बेस वाजवणारा रंगमंचावर मागे, ड्रम्सच्या शेजारी उभा असतो आणि टाळ्या पुढच्यांना मिळतात.

कोलकात्याच्या मिती अधिकारी यांनी (नाव ऐकून मराठी माणसाला पंचांग आठवेल!) संगीतातली वाटचाल याच मागच्या जागेवरून सुरू केली. पुढे ते आणखी मागे गेले, थेट स्टुडिओच्या काचेपलीकडे. आणि तिथे बसून त्यांनी जे ध्वनिमुद्रित केले, ते जगभरातल्या लक्षावधी घरांत पोहोचले.

कोलकाता म्हटले की आपल्याला रवींद्रसंगीत आठवते, हेमंतकुमार आठवतात, सलील चौधरी आठवतात. पण याच शहरात, तेव्हाच्या कलकत्त्यात, पार्क स्ट्रीट नावाची एक वेगळीच दुनिया होती. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स अशा उपाहारगृहांत रोज रात्री जॅझ आणि पॉप वाजत असे. मोकॅम्बोमध्ये पॅम क्रेन गात, ट्रिंकाजमध्ये उषा उथुप साडी नेसून इंग्रजी गाणी म्हणत, ब्लू फॉक्समध्ये पियानोवर लुई बँक्स असत. वादकांत गोव्याची मंडळीही होती. हे ऐकून कॉलेजातल्या मुलांनी गिटारी हाती घेतल्या नसत्या तरच नवल!

मात्र सत्तरचे दशक या दुनियेला जड गेले. नक्षलवादी चळवळीचा हिंसाचार, तासन्‌तास जाणारी वीज, हॉटेलांतल्या करमणुकीवर लादलेला कर, यांपायी एकेक वाद्यवृंद बंद पडत गेला. अँग्लो-इंडियन कुटुंबे ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडे निघाली. लुई बँक्स मुंबईला आले.

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की त्या काळात वाजलेले बहुतेक संगीत हवेतच विरून गेले. 1902 साली गौहर जान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले ते याच शहरात. ग्रामोफोन कंपनीचा डमडमचा कारखानाही इथलाच. तरीही शहरातल्या रॉक वाजवणाऱ्या पोरांना तबकडी काढण्याची संधी क्वचितच मिळाली. बंगालीत नव्या ढंगाची गाणी करणाऱ्या ‘मोहिनेर घोडागुली’ या बँडने 1977 ते 1979 या काळात तीन छोट्या तबकड्या काढल्या. त्यांना तेव्हा फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. 1995 मध्ये ती गाणी नव्या संग्रहाच्या रूपाने आली, तेव्हा कुठे बंगाली तरुणांनी ती डोक्यावर घेतली. तबकडी होती म्हणून ती गाणी निदान सापडली तरी. ज्यांची तबकडीच निघाली नाही, त्यांचे काय?

अधिकारी लंडनला गेले आणि बीबीसीत रुजू झाले. काम रेकॉर्ड प्रोड्यूसरचे. या शब्दाने आपल्याकडे गैरसमज होतो. सिनेमाचा निर्माता पैसा घालतो. रेकॉर्डचा प्रोड्यूसर हा खरे तर दिग्दर्शक. कुठला टेक ठेवायचा, गायकाचा आवाज किती पुढे आणायचा, ड्रम्सना किती आवरायचे, हे तो ठरवतो. मुख्य म्हणजे वादकांना घड्याळाची धास्ती वाटू न देता त्यांच्याकडून काम काढून घ्यायचे असते.

बीबीसीत घड्याळ फारच कडक होते. तिथला मेडा व्हेल स्टुडिओ म्हणजे 1909 साली स्केटिंगसाठी बांधलेली इमारत. 1934 पासून ती बीबीसीकडे आली. रेडिओवर दिवसाला किती तास तबकड्या वाजवायच्या यावर कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे मर्यादा होती. म्हणून बँडना स्टुडिओत बोलावून गाणी खास मुद्रित केली जात. 1988 मध्ये ही मर्यादा उठली, पण प्रथा टिकली. एका दिवसात चार गाणी. वाद्ये लावणे, वाजवणे, गाणे आणि शेवटचे मिश्रण, सगळे रात्रीपर्यंत संपवायचे. ज्या कामाला रेकॉर्ड कंपनीचा अल्बम करताना कित्येक आठवडे मिळतात, ते इथे एका दिवसात!

9 नोव्हेंबर 1991 रोजी अमेरिकेतले तीन तरुण तिथे आले. बँडचे नाव ‘निर्वाणा’. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बाजारात येऊन दीड महिना झाला होता. दोनच महिन्यांनी तो मायकेल जॅक्सनला मागे सारून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचणार होता, पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक असणार? काचेपलीकडे प्रोड्यूसर म्हणून मिती अधिकारी होते. चार गाणी झाली. त्यातले ‘पॉली’ अल्बमवर संथ, जवळजवळ एकट्या गिटारवर आहे. मेडा व्हेलला ते दुप्पट जोमाने, ड्रम्सच्या दणक्यात वाजवले गेले. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1992 मध्ये, बँडचा ‘इन्सेस्टिसाइड’ हा संग्रह निघाला. त्याच्या 15 गाण्यांपैकी तीन त्या एका दिवसातली आहेत. रेडिओवर एकदा वाजून विसरली जावीत म्हणून केलेली गाणी दुकानात विकायला आली.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘नेव्हरमाइंड’चे प्रोड्यूसर बुच विग हे मुळात ड्रमर. त्याआधी, 1990 मध्ये, बीबीसीसाठी याच बँडचे ध्वनिमुद्रण करणारे डेल ग्रिफिन हेही ‘मॉट द हूपल’ या बँडचे ड्रमर. आणि अधिकारी बेसवाले. तिघेही ठेका धरणारे, तिघेही मागच्या रांगेतले. हा निव्वळ योगायोग नसावा. पुढे उभा असलेला स्वतःचे गाणे ऐकतो. बेसवाल्याला एका कानाने ड्रमर आणि दुसऱ्याने गायक ऐकावाच लागतो. कोण घाई करतो आहे, कोण दमला आहे, हे त्याला सर्वांत आधी कळते. काचेपलीकडे बसणाऱ्याला याहून वेगळे काय हवे?

कर्ट कोबेन या गायकाने 1994 साली वयाच्या 27 व्या वर्षी जीवन संपवले. त्यानंतर त्या दिवसाच्या ध्वनिफितीचे मोल आणखीच वाढले. मेडा व्हेलची इमारतही बीबीसीने 2023 मध्ये विकली. घेणाऱ्यांत चित्रपट-संगीतकार हान्स झिमर आहेत, त्यामुळे निदान तिथे घरे न उठता स्टुडिओच राहील, असा दिलासा आहे.

बीबीसीतल्या दीर्घ कारकिर्दीनंतर अधिकारी कोलकात्याला परतले आणि तिथल्या नव्या मुलांची गाणी करू लागले. त्यांत ‘गणेश टॉकीज’ नावाचा एक बँड होता. उत्तर कोलकात्यात एका जुन्या सिनेमागृहावरून ओळखला जाणारा गजबजलेला चौक आहे, त्याचेच हे नाव. गाणी इंग्रजी, पण थाट आपल्या जुन्या हिंदी सिनेमाचा, भडक आणि खेळकर. पार्क स्ट्रीटच्या मुलांना जे क्वचितच लाभले, ते या मुलांना आपल्याच शहरातल्या माणसाकडून मिळाले. त्यांचा अल्बम निघाला आणि तो आजही ऐकता येतो.