रिसीव्हर दहा वर्षांसाठी घेताय, पण कंपनी तेवढी टिकेल का?

डेनॉन, मरांट्झ, पोल्क ऑडिओ आणि बोवर्स अँड विल्किन्स. होम थिएटरवाल्या मंडळींसाठी ही नावं म्हणजे घरचीच. हे सगळे ब्रँड ज्या साऊंड युनायटेड नावाच्या कंपनीखाली होते, ती सप्टेंबर २०२५ मध्ये हार्मनच्या ताब्यात गेली. हार्मन म्हणजे जेबीएलवाली कंपनी, आणि तिची मालकी २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. सौदा ३५ कोटी डॉलरचा. आता यातली गंमत बघा. हीच साऊंड युनायटेड २०२२ मध्ये मासिमो या कंपनीने १०० कोटी डॉलरहून जास्त पैसे मोजून घेतली होती. मासिमो काय बनवते? हॉस्पिटलमध्ये बोटाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र. बातमी आली त्या दिवशी मासिमोचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला होता. तीन वर्षांत एक तृतीयांश किमतीला विकून ते मोकळे झाले.

ही बातमी शेअर बाजारवाल्यांची आहे, आपला काय संबंध, असं वाटू शकतं. संबंध आहे. रिसीव्हर ही फोनसारखी दोन-तीन वर्षांत बदलायची वस्तू नाही. लोक तो दहा-दहा वर्षं वापरतात, आणि चांगला रिसीव्हर लाखाच्या घरात जातो. पण आजचा रिसीव्हर आतून बराचसा फोनसारखाच झालाय: फर्मवेअर, अ‍ॅप, वायफाय, लायसन्स. वस्तू दहा वर्षांची आणि तिच्यामागची कंपनी तीन वर्षांत हात बदलणारी, असा हा मामला आहे. मागच्या काही वर्षांत रिसीव्हर घेतलेल्यांना याचे जे अनुभव आले, ते नवीन घेणाऱ्याने माहीत करून घ्यायलाच हवेत.

आधी ज्यांना रिसीव्हर म्हणजे नक्की काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीव्हीखाली ठेवलेला तो जाडजूड, जड डबा. गेमिंग कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर यांच्या एचडीएमआय केबल त्यात येतात. तो चित्र टीव्हीला पाठवतो, आवाज स्वतःकडे ठेवतो, डॉल्बी अ‍ॅटमॉस वगैरे उलगडतो आणि पाच, सात, नऊ स्पीकरना ताकद देतो. म्हणजे एकाच खोक्यात चौकातला ट्रॅफिक हवालदारही आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरही. अ‍ॅम्प्लिफायरचं तंत्र जुनं, पक्कं. ते वीस वर्षं सहज चालतं. भानगड होते ती हवालदाराच्या कामात.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण २०२० चं. त्या वर्षी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स येणार होते. दोन्हींचा मोठा वादा एकच: ४के चित्र, सेकंदाला १२० फ्रेम. एवढा डेटा जुन्या एचडीएमआय २.० केबलमधून जात नाही. तिची मर्यादा १८ गिगाबिट प्रति सेकंद. एचडीएमआय २.१ मध्ये ती ४८ पर्यंत गेली. डेनॉन, मरांट्झ, यामाहा सगळ्यांनी '८के' असा शिक्का मारून नवे रिसीव्हर आणले आणि लोकांनी कन्सोल यायच्या आधीच ते घेऊन ठेवले. म्हणजे तपासायला हातात काहीच नव्हतं, विश्वास फक्त खोक्यावरच्या छपाईवर.

ऑक्टोबर २०२० मध्ये एका जर्मन संगणक मासिकाने चाचणी घेतली आणि प्रकार उघड झाला. एक्सबॉक्स सीरिज एक्स किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३० मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड लावलं, ४के १२० चालू केलं, की टीव्ही काळा. चित्रच नाही. दोष केबलचा नव्हता, टीव्हीचाही नव्हता. रिसीव्हरच्या आतली एचडीएमआय चिपच चुकीची होती. आणि वेगवेगळ्या ब्रँडमध्ये एकच चिप. तुम्ही दुकानात डेनॉन की यामाहा असा तासभर विचार करता आणि आत दोघांच्या पोटात एकच सुटा भाग असतो, हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चिपमधला दोष असल्यामुळे फर्मवेअर अपडेटने तो जाणार नव्हता. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण फोनवाल्या आपल्या पिढीला 'अपडेट येईल, ठीक होईल' अशी सवय आहे. काही गोष्टी सिलिकॉनमध्ये कोरलेल्या असतात. त्या बदलायच्या तर भागच बदलावा लागतो.

मग कंपन्यांनी काय केलं? इथे दोघांचे रस्ते वेगळे झाले. साऊंड युनायटेडने सुरुवातीला सल्ला दिला की कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीमधून परत रिसीव्हरकडे आणा. आता विचार करा, ज्याने सगळ्या केबल एका जागी याव्यात म्हणून एवढा पैसा घातला त्याला तुम्ही सांगताय की डबा बाजूला ठेवून केबल टीव्हीला लाव! पुढे मे २०२१ पासून त्यांनी एक छोटा जोड डबा फुकट द्यायला सुरुवात केली. सीरियल नंबर नोंदवायचा, मग तो मिळायचा, आणि कन्सोल व रिसीव्हरच्या मध्ये लावायचा. काम व्हायचं. फक्त टीव्हीमागे आणखी एक डबा, आणखी दोन वायरी. यामाहाने थेट आतला एचडीएमआय बोर्डच फुकट बदलून द्यायचं ठरवलं, पण त्यासाठी ग्राहकांना २०२१ चा बराचसा काळ थांबावं लागलं. उपाय जास्त सरळ होता, पण तोवर सात-आठ-दहा किलोचं धूड सर्व्हिस सेंटरला न्यायची तयारी हवी होती.

माझ्या मते या दोन्ही कंपन्यांना पूर्ण नापास करणं अन्यायाचं होईल. दोघांनीही दोष मान्य केला आणि स्वतःच्या खर्चाने काहीतरी दिलं. फोनच्या दुनियेत किती वेळा एवढंही होत नाही. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा: जे तपासलंच नव्हतं ते खोक्यावर छापलं गेलं.

आपल्याकडे या दोषाचा फटका तुलनेने कमी जाणवला असणार, कारण प्लेस्टेशन ५ सिग्नल थोडा हलका करून पाठवतो, त्यामुळे डेनॉन-मरांट्झवर तो अडकत नव्हता. आणि आपल्याकडे कन्सोल म्हटलं की बहुतेकांच्या घरात प्लेस्टेशनच. पण हेच २०२० चे रिसीव्हर आता सेकंडहँड बाजारात स्वस्तात फिरतायत. गेमिंग पीसी किंवा एक्सबॉक्ससाठी असा घेत असाल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: जोड डबा सोबत आहे का, किंवा बोर्ड बदललाय का, आणि त्याची पावती? उत्तर 'म्हणजे काय?' असं आलं, तर स्वतः कन्सोल घेऊन जा आणि ४के १२० लावून बघा. बाकी गाण्यांसाठी, सिनेमासाठी त्या रिसीव्हरमध्ये काही खोट नाही.

सेकंडहँडचाच आणखी एक प्रकार आपल्याकडे फार चालतो. अमेरिकेतून येणारा भाऊ किंवा मित्र, तिथे सेल लागलेला, बॅगेत रिसीव्हर. अमेरिकन मॉडेल १२० व्होल्टवर चालतं, आपल्या भिंतीत २३० आहे. थेट लावला तर पहिल्याच दिवशी धूर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही दणकट, आणि तिथली वॉरंटी इथे सहसा चालत नाही. वाचलेले पैसे तिथेच संपतात.

मालक बदलले की काय होतं

ऑन्क्यो हे जुनं जपानी नाव, १९४६ पासूनचं. २०१५ मध्ये पायोनियरचा होम ऑडिओ व्यवसायही त्यांच्याकडे आला. त्यांच्या २००९ ते २०१२ मधल्या बऱ्याच रिसीव्हरना एक रोग होता: अचानक आवाज बंद, किंवा नेटवर्क सापडत नाही. कंपनीने दोष मान्य करून त्या मॉडेलसाठी फुकट दुरुस्ती २०१८ च्या शेवटापर्यंत वाढवली. चांगलं केलं. पण मे २०२२ मध्ये ऑन्क्यो होम एंटरटेनमेंटने जपानमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधीच ब्रँडचा व्यवसाय अमेरिकेच्या व्हॉक्स आणि जपानच्या शार्पने मिळून घेतला होता. मग एप्रिल २०२५ मध्ये व्हॉक्स गेली जेनटेक्सकडे. जेनटेक्सचा मुख्य धंदा गाड्यांचे आपोआप काळे होणारे आरसे! ऑन्क्यो आणि पायोनियर नावाने नवे रिसीव्हर आजही येतात. पण समजा २०१६ चा तुमचा ऑन्क्यो उद्या बिघडला, तर त्याचा एचडीएमआय बोर्ड कोणाकडे मागायचा?

लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत हुशार कारागीर आहेत. रिले, कपॅसिटर, आऊटपुट ट्रान्झिस्टर ते बदलून देतात. एचडीएमआय बोर्ड मात्र शेकडो पायांच्या चिपचा खेळ, आणि त्यावर कंपनीचं फर्मवेअर. सुटा भाग मिळाला नाही तर कारागिराचाही इलाज नाही. उरतो फक्त चालू अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला कोणी सिग्नलच देऊ शकत नाही.

अ‍ॅपच्या बाजूने काय होऊ शकतं ते सोनोसच्या ग्राहकांनी मे २०२४ मध्ये पाहिलं. नवं अ‍ॅप आलं आणि अलार्म, स्लीप टायमर अशा साध्या सोयीच गायब. स्पीकर तेच, घर तेच, आणि अचानक अर्ध्या गोष्टी चालेनात. जानेवारी २०२५ मध्ये सीईओला जावं लागलं. सोनोस रिसीव्हर बनवत नसलं तरी धडा तोच: वस्तू तुमची, तिचं रिमोट दुसऱ्याच्या सर्व्हरवर.

आणि आता सुविधाही कुलपात मिळू लागल्यात. डेनॉनच्या एक्स३८००एच सारख्या मॉडेलवर डिराक लाईव्ह नावाची खोलीनुसार आवाज जुळवणारी प्रणाली चालते, पण ती वेगळी विकत घ्यावी लागते. २०२३ मध्ये आली तेव्हा पूर्ण लायसन्सची किंमत ३४९ डॉलर होती. सिस्टीम म्हणून ती उत्तम आहे, ऐकणारे तिचं कौतुक करतात. तरी गेमच्या डीएलसीसारखं रिसीव्हरचं कुलूप उघडायला पैसे द्यायचे, हे पचायला जड जातं. खोक्यासोबत मिळणारी ऑडिसी आधी नीट वापरून बघा. माईक कानाच्या उंचीवर, पंखा बंद, एवढं केलं तरी बहुतेक दहा-बारा फुटी हॉलचं काम भागतं.

मग घ्यावा की नाही? स्पीकर पाच किंवा जास्त लावणार असाल तर साऊंडबार रिसीव्हरची जागा घेत नाही, हे माझं मत कायम आहे. फक्त त्याच्या एचडीएमआय भागावर भिस्त कमी ठेवा. टीव्हीला ईआर्क असेल तर कन्सोल टीव्हीला लावून आवाज ईआर्कने रिसीव्हरकडे नेता येतो, अ‍ॅटमॉसही पूर्ण येतं. उद्या एचडीएमआय ३ आलं तरी तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जुना होत नाही. अडचण एकच: अनेक टीव्हींना वेगवान पोर्ट दोनच असतात आणि त्यातलाच एक ईआर्कचा. म्हणजे कन्सोल एकच लागतो. टीव्ही घेतानाच पोर्ट मोजा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात, परत करायची मुदत असतानाच, प्रत्येक इनपुट आणि प्रत्येक स्पीकर टर्मिनल तपासा. शोकेसच्या काचेआड कोंबू नका. वर मोकळी हवा हवी, उष्णतेने सगळ्यात आधी मरतो तो एचडीएमआय बोर्ड. दुकानाचं बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचंच घ्या. खोक्यावर छापलेली गोष्ट चालत नसेल तर तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोषच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, कंपनीच्या गावी जायची गरज नाही.

राहिला हार्मनचा प्रश्न. साऊंड युनायटेड वेगळा विभाग म्हणूनच चालेल, असं त्यांनी जाहीर केलंय. पण हार्मनकडे जेबीएल आणि आर्कॅमचे स्वतःचे रिसीव्हर आधीपासून आहेत. एका घरात एवढ्या चुली किती दिवस पेटत्या राहतील, आणि कोणाच्या फर्मवेअरला आधी कात्री लागेल, हे पुढच्या एक-दोन मॉडेलच्या फेऱ्यांत दिसेल. या दिवाळीला डेनॉन घेणाऱ्याने निदान चालू पिढीतलंच मॉडेल घ्यावं; मागच्या पिढीवरची पाच-सात हजारांची सूट या परिस्थितीत मला तरी पुरेशी वाटत नाही.