कोंड्याचा मांडा

दिवाळीच्या फराळासाठी घरोघरी चाळणी फिरते. पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. वर राहूनही त्याला मान मात्र नाही!

धान्याच्या पांघरुणांना मराठीत निरनिराळी नावे आहेत. भुईमुगाचे ते टरफल, भाताचे बाहेरचे ते तूस. हा ‘तूस’ संस्कृतातील ‘तुष’ होय. तुसाच्या आत दाण्याला बिलगलेले पातळ आवरण असते. तांदूळ सडताना त्याचा जो भुगा निघतो तो कोंडा. गव्हाचाही कोंडाच. त्या भुग्याच्या सारखेपणावरून केसांतला कोंडाही आला. हा शब्द पालीतील ‘कुंडक’शी नाते सांगतो. एका जातककथेत एक गरीब माणूस कुंडकाची पोळी घेऊन वृक्षदेवतेकडे जातो. देवता ही पोळी खाणार नाही, असे वाटून तो मागे फिरतो. पण देवता त्याचीच पोळी मागून घेते.

आता मांडा पाहा. संस्कृत ‘मंडक’ तो हाच. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या राजा सोमेश्वराच्या ग्रंथात मंडक आहेत. म्हणजे मांडा राजाच्या ताटातला आणि त्याला पीठ हवे तलम. ‘कोंड्याचा मांडा करणे’ यातली खरी करामत ही, की चाळणीवरच्या टाकाऊतून राजाचे पक्वान्न उभे करायचे!

विज्ञानाने कोंड्याची बाजू फार उशिरा घेतली. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना दिसले, की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि असडी तांदूळ दिला की त्या सुधारतात. कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जात होते. या शोधाबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज शहरांत कोंडा पाकिटात घालून विकला जातो.

पण वाक्प्रचारातला कोंडा पथ्याचा नव्हे, नाइलाजाचा. “आईने कोंड्याचा मांडा करून आम्हांला वाढवले,” असे मुले अभिमानाने सांगतात. आई स्वतः असे बोलत नाही. मांडा मुलांच्या पानात पडला, हे त्या वाक्यातच आहे. तिच्या पानात काय पडले, ते मात्र वाक्यात नाही. ती अजून घरात असेल, तर या दिवाळीत विचारून घ्यावे.