‘पंप’चा ‘पंपाला’ होतो तेव्हा

बेळगावजवळच्या हिंडलग्यात १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. भाषेचा प्रश्न इथे घरोघरी पोचलेला आहे. बेळगाव ओलांडून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेले की फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार एकाच पाळीत शेजारी उभे असतात. समोरच्या यंत्राची माहितीपुस्तिका मात्र बहुतेकदा इंग्रजीत.

प्रत्येक यंत्रासाठी तीन भाषांत पूर्ण पुस्तिका लिहिणे छोट्या कारखानदाराला परवडत नाही. उपाय जुनाच आहे. मजकुराला ‘हा मथळा’, ‘ही यादी’ अशा खुणा करण्याची जीएमएल ही पद्धत १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी काढली. त्याच कंपनीतून पुढे आलेल्या ‘डिटा’ या पुस्तिकालेखनाच्या पद्धतीला २००५ मध्ये ओॲसिस संस्थेची मानक म्हणून मान्यता मिळाली. डिटात मजकुराचे सुटे भाग पडतात: संकल्पना, कृती, संदर्भ. कृतीच्या प्रत्येक पायरीत एक आज्ञा असावीच लागते. विजेचा इशारा एकदाच लिहायचा आणि दहा पुस्तिकांत तोच जोडायचा.

ओतकाम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पॅटर्न एक, साचे अनेक. आणि पॅटर्नमधली चूक प्रत्येक नगात उतरते.

पण या पद्धतीतली एक सोय मराठीत घात करते. वाक्यात जागा मोकळी ठेवून तिथे हव्या त्या यंत्राचे नाव भरता येते. इंग्रजीत ते सहसा खपून जाते. मराठीत ‘पंप’चा ‘पंपाला’ होतो, ‘यंत्र’चे ‘यंत्राला’, ‘भट्टी’ मात्र ‘भट्टीला’. ‘सुरू झाला’ की ‘झाली’ हेही नावाच्या लिंगावर ठरते. मोकळ्या जागेपुढे नुसता ‘ला’ चिकटवला की कामगाराच्या हाती ‘पंपला तेल द्या’ पडते, आणि अशी भाषा वाचून पुस्तिकेवरचा विश्वासच उडतो. कन्नडमध्येही विभक्तिप्रत्यय नामालाच जोडले जातात, म्हणजे अडचण दोन्हीकडे सारखी.

म्हणून सीमाभागातल्या पुस्तिकांसाठी नियम असा हवा, की पुन्हा वापरायचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे पूर्ण वाक्य. मोकळ्या जागा ठेवायच्या त्या फक्त मॉडेल क्रमांक, दाब, तापमान अशा आकड्यांसाठी.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात अशी त्रैभाषिक पुस्तिका घेता येईल. सुरुवात साध्या बेंच ग्राइंडरच्या तीन वाक्यांनी व्हावी: चाक बदलण्याआधी वीज बंद करा. गॉगल घाला. गार्डशिवाय चालवू नका.