एक गडी कोरडा!

बीचवर कॅमेरा नेताय? मग पाण्यापासून आणि चोरापासून तो वाचवायचा सगळ्यात स्वस्त फंडा वाचून जा. हा दुकानात मिळत नाही आणि त्याला ईएमआयही पडत नाही.

शनिवार, पहाटेचे पाच. निगडीचा भक्ती-शक्ती चौक. दोन गाड्या, सहा माणसं, चहाचा थर्मास आणि एक कॅमेरा. कॅमेरा माझा. म्हणजे बारा हप्त्यांपैकी सात माझे, उरलेले पाच बँकेचे!

मंडळींची ओळख करून देतो. एक चाकणवाला, हा एका प्लॅन्टमध्ये सेफ्टीला आहे. एक तळवडेवाली, ही आयटीत टेस्टिंग करते. तिचा धाकटा भाऊ, फर्स्ट इयरचा. ऑफिसमधले आणखी दोघं आणि मी. रावेत, हिंजवडी, घोटावडे, पौड करत मुळशीच्या पाण्याकडेनं ताम्हिणी घाट उतरलो आणि माणगाव, म्हसळा मागे टाकत अकराच्या आत दिवेआगर. दुपारी खानावळीत उकडीचे मोदक. त्यानंतर जी झोप लागली तिला तोड नाही.

संध्याकाळी साडेपाचला बीचवर गेलो. समुद्र लांब कुठेतरी होता. सपाट, ओली, आरशासारखी वाळू. आम्ही मस्तपैकी चटई टाकली, तिच्यावर बॅग ठेवली, बॅगेत कॅमेरा आणि सगळ्यांचे मोबाइल. वर टॉवेल. आता टॉवेलखाली काय आहे हे कुणाला कळणार, असा आमचा समज! थोडा वेळ क्रिकेट झालं. मग एक जण पाण्यात गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता सहाच्या सहा जण पाण्यात.

सूर्य बुडता बुडता तळवडेवाली ओरडली, "अरे, चटई!"

चटई तरंगत होती. बॅग तिच्या पुढे दहा फुटांवर, लाटेबरोबर आतबाहेर करत होती. आम्ही सगळे तिच्यामागे धावलो. बॅग सापडली, उघडली तर आतून पाण्याची धार. मी तर मटकन खालीच बसलो. आणि तेवढ्यात चाकणवाल्यानं माणसं मोजली. पाच.

सहावा, म्हणजे तो फर्स्ट इयरवाला, अजून पाण्यात होता. छातीभर पाण्यात, आम्ही होतो तिथून बराच बाजूला सरकलेला. हात हलवत होता. आम्हाला वाटलं मजा करतोय. चाकणवाल्याला तसं वाटलं नाही. तो आणि आणखी एक जण साखळी करून आत गेले आणि त्याला बाहेर घेऊन आले. पोरगा नंतर हसला वगैरे, पण ओठ पांढरे पडले होते. "पायाखालची वाळूच सरकत होती रे," एवढंच म्हणाला. त्याची बहीण त्यानंतर जेवेपर्यंत कुणाशी बोलली नाही.

खारं पाणी सुकतं, मीठ राहतं

आधी कॅमेऱ्याचं सांगून टाकतो. तो गेला. त्या रात्री मी तो चालू करून बघणार होतो, चाकणवाल्यानं हातातून काढून घेतला. "ओल्या मशीनला करंट द्यायचा नाही, बॉस." बरोबरच होतं त्याचं. यंत्र भिजलं की आधी बंद, मग बॅटरी बाहेर, मग कार्ड बाहेर. आणि पहिली संधी मिळताच रिपेअरवाल्याकडे. मीठ विरघळलेलं पाणी वीज छान वाहून नेतं आणि धातूही खातं. पाणी उडून गेलं तरी मीठ आत बसून आपलं काम करत राहतं. म्हणून 'दोन दिवस उन्हात ठेव, सुकेल' हा सल्ला नळाच्या पाण्याला चालला तर चालेल, समुद्राला नाही.

आणि तांदळाचा डबा? विसरा. ओला फोन तांदळात खुपसू नका, दाण्यांचे बारीक कण आत जातात, असं २०२४ साली अ‍ॅपलनंच आपल्या ग्राहकांना सांगितलं. तांदूळ पुलावासाठी ठेवा.

'माझा फोन वॉटरप्रूफ आहे' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. फोनवरच्या आयपी६८मधला सहा धुळीचा आणि आठ पाण्याचा. पण ही परीक्षा प्रयोगशाळेत, साध्या स्थिर पाण्यात होते. आपटणारी लाट, मीठ आणि वाळू हे पेपर सिलॅबसमध्ये नाहीत. शिवाय पाणी शिरून फोन बिघडला तर तो सहसा वॉरन्टीत बसत नाही. 'वेदर सील्ड' कॅमेऱ्याचंही तेच. तो पावसाचे शिंतोडे सोसतो, बुडी नाही, आणि तेही लेन्स सील्ड असेल तर. गळ्यात अडकवायचा प्लॅस्टिकचा पाऊच घेतलात तर आधी घरी आत टिश्यू पेपर ठेवून अर्धा तास बादलीत बुडवून बघा. टिश्यू कोरडा निघाला तरच फोनला आत प्रवेश.

बुडवायलाच लागतं असंही नाही. लाटेचे तुषार हवेतून येतात आणि लेन्सवर खारट थर बसतो. वाळू तर त्याहून वाईट. लेन्सवर कण दिसला की टी-शर्टच्या टोकानं पुसायचा मोह होतो, आणि त्या एका पुसण्यात ओरखडा कायमचा बसतो. आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मग पुसा. लेन्स बीचवर बदलूच नका, जी लावायची ती रूमवर लावून निघा. पुढे एक साधा यूव्ही फिल्टर असू द्या. ओरखडा पडायचाच असेल तर त्याच्यावर पडू दे. एसी गाडीतून थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेवलात तर ती पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. परत आल्यावर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं बॉडी पुसायची, मग कोरड्यानं. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवायचे. आणि सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. नाहीतर पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची नक्षी उमटते.

चोराचं लक्ष पार्किंगकडे

त्या दिवशी आमची बॅग समुद्रानं नेली. ती एखाद्या माणसानंही नेली असती, आणि आम्हाला तितक्याच उशिरा कळलं असतं. टॉवेलखाली बॅग, चपलेत मोबाइल, गाडीच्या टायरवर किल्ली... या लपवायच्या जागा जगातल्या सगळ्यांना ठाऊक असतात!

गाडीत ठेवायचीच असेल तर बॅग डिकीत जाते, पण ती बीचवर पोचायच्या आधी. पार्किंगमध्ये उतरून, आळस देऊन, मग सगळ्यांदेखत डिकी उघडून बॅग आत टाकणं म्हणजे बोर्ड लावण्यासारखं आहे. मागच्या सीटवर ऑफिसची लॅपटॉप बॅग रिकामी असली तरी ठेवू नका. ती रिकामी आहे हे काच फुटल्यावरच कळतं. कंपनीचं ठसठशीत नाव छापलेल्या कॅमेरा बॅगेचंही असंच. मी सध्या कॅमेरा ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत नेतो. आत जुना टॉवेल, त्यात कॅमेरा. भेंडीची भाजी कोण चोरतंय?

तरीही गेलाच तर? तयारी घरूनच. कॅमेऱ्याच्या बुडाला सीरियल नंबर असतो. त्याचा, लेन्सच्या नंबराचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. पोलिसांना तो लागेल, इन्शुरन्सवाल्यांनाही लागेल. इन्शुरन्स असेल तर बारीक अक्षरातलं कलम वाचा. उघड्या किंवा कुणी नसलेल्या गाडीतून गेलेली वस्तू अनेक पॉलिसींत बसत नाही. फोन गेला तर सिम बंद करा आणि संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून हॅण्डसेट ब्लॉक करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

आणि एक फार कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट. चोरी किनाऱ्यावर झाली आणि लक्षात आलं निगडीत घरी पोचल्यावर, तरी परत दीडशे किलोमीटर जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच 'झीरो एफआयआर' म्हणतात. पुढे तो त्या त्या ठाण्याकडे जातो.

तिथीची पाऊणपट

आता मूळ गाढवपणाकडे येतो. पाणी अचानक आलं असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खानावळीच्या काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज तिथी कोणती?" कुणाला ठाऊक असणार! "चतुर्दशी. उद्या अवस. चौदाची पाऊणपट किती? साडेदहा. म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती, सकाळी आणि रात्रीही. साडेचारला सुकती. तुम्ही साडेपाचला चटई टाकलीत, तेव्हा समुद्र परत यायला निघाला होता."

कोकणातल्या माणसाला हे पाठ असतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. किनाऱ्यागणिक थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते. पण चटई कुठे टाकायची हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. दिवेआगरसारख्या सपाट पुळणीवर थोडं चढलेलं पाणीही किती आत येतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. बीचवर गाडी उतरवणाऱ्या वीरांनीही ही पाऊणकी पाठ करावी. वाळूत रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत समुद्र थांबत नाही.

सामानासाठी सोपी खूण सांगतो. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, काटक्यांची एक रेघ दिसते. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. आपलं बिऱ्हाड त्या रेघेच्या वर, सुरूच्या झाडांकडे.

टाकीच्या तोंडाशी उभा असतो तो

रात्री जेवताना चाकणवाला बोलला. एरवी हा माणूस सेफ्टीवर बोलायला लागला की आम्ही भजी मागवतो. त्या दिवशी ऐकलं.

"आमच्याकडे बंद टाकीत माणूस उतरवायचा असला की एक जण तोंडाशी उभा ठेवतो. त्याला दुसरं काम नाही. आत कोण, किती वेळ, आवाज देतोय का, एवढंच. आत काही झालं तर त्यानंही उडी घ्यायची नाही, मदत बोलवायची. तो जागेवर नसेल तर काम सुरू होत नाही. आपण आज सहाच्या सहा टाकीत उतरलो होतो."

त्यावर कुणी काही बोललं नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, ते सगळ्यांनाच आठवलं असणार. तीही सहलच होती, वेळही दुपारची, लख्ख उजेडाची.

तेव्हापासून आमचा नियम: एक गडी कोरडा. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी. ज्याची पाळी तो पाण्यात जात नाही, मोबाइलमध्ये डोकं घालत नाही. बॅग त्याच्या खांद्यावर, डोळे पाण्यात, दर थोड्या वेळानं डोकी मोजायची. कुणी बाजूला सरकतंय असं वाटलं की शिट्टी. काही झालंच तर आधी स्थानिक माणसांना आणि ११२ला हाक, उडी नाही. दारू प्यायलेल्याला ही पाळी नाही, आणि पाण्यात प्रवेशही नाही.

गंमत म्हणजे याच्यामुळे फोटो सुधारले! पूर्वी आमच्याकडे नुसते सेल्फी असायचे, अर्ध्यात माझं कपाळ. आता पाण्यात उधळणारी अख्खी गँग एका फ्रेममध्ये येते, कारण काढणारा किनाऱ्यावर उभा असतो.

आणि माझं कार्ड? त्या कार्डावर बुधवारी झालेल्या बाबांच्या साठीचे फोटो होते. कॉपी करायला वेळ मिळाला नव्हता, म्हणजे आळस केला होता. चाकणवाल्यानं ते रात्री बाटलीतल्या साध्या पाण्यानं धुतलं, पुसलं, दोन दिवस सुकवलं. मंगळवारी श्वास रोखून लॅपटॉपला लावलं. सगळे फोटो होते. आत्याबाईंनी बाबांना जबरदस्तीनं भरवलेला पेढासुद्धा. कॅमेरा परत हप्त्यानं घेता आला, ती साठी पुन्हा आली नसती. आता निघायच्या आदल्या रात्री कार्ड रिकामं केल्याशिवाय मी बॅग भरत नाही.

निघण्याआधी डब्याच्या पिशवीत
• रिकामं मेमरी कार्ड, जुने फोटो घरी दोन ठिकाणी
• झिपच्या दोन मोठ्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या
• रबरी ब्लोअर, दोन सुती फडकी
• साध्या पाण्याची एक जादा बाटली
• सीरियल नंबर आणि बिलाचा फोटो मेलवर
• शिट्टी
• आणि आजची तिथी

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा दिवेआगरला चाललोय. फर्स्ट इयरवालाही येतोय, बहिणीनं परवानगी दिलीय. कालनिर्णय बघून ठेवलंय. षष्ठी आहे, म्हणजे साडेचारला भरती. कोरडी पाळी पहिली माझी.